टायर ठोकून पाहणारी मोटार

पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या आसपास रात्री थांबलेल्या ट्रकांच्या रांगा दिसतात. पहाटे निघायच्या आधी क्लीनर हातात लोखंडी टॉमी नाहीतर लाकडी दांडके घेऊन खाली उतरतो आणि गाडीभोवती एक फेरी मारतो. प्रत्येक टायरवर एक ठोका. टणक, उसळता आवाज आला की तो पुढे जातो. 'भद्' असा मेलेला आवाज आला की थांबून वाकून पाहतो. मागच्या बाजूला दोन-दोन टायर जोडीने बसवलेले असतात. त्यांतल्या आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर भार उचलून धरतो आणि वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही. ठोका मात्र ते सांगतो.

टायरच्या आतला दाब क्लीनरने मोजलेला नसतो. त्याने ऐकलेला असतो आवाज. आवाजावरून तो दाबाचा अंदाज बांधतो. जे हवे ते थेट मोजता येत नसेल, तर जे मोजता येते त्यावरून त्याच्यापर्यंत पोचायचे, ही रीत विज्ञानात फार जुनी आहे. पण गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना खाली उतरून ठोका कोण मारणार? हल्लीच्या काही मोटारी हे काम स्वतःच करतात. गंमत म्हणजे त्यांच्या टायरमध्ये दाब मोजणारे कोणतेही उपकरण नसते. चाकणला तयार होणाऱ्या काही मोटारींतही हीच पद्धत वापरलेली आहे. ती कशी चालते आणि तिच्यावर कुठपर्यंत भरवसा ठेवायचा, ते आपण ह्या लेखात पाहू.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण ह्या पट्ट्यातल्या शाळांत शिकवणाऱ्यांना हा विषय परका नाही. वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरचे कोणीतरी गाड्यांच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पाळीवर जाते, आणि बहुतेक वेळा दुचाकीवरूनच जाते. तेव्हा टायर आणि रस्ता ह्यांचे नाते हा त्यांच्या घरचाच प्रश्न आहे.

पोस्टकार्डाएवढी जमीन

सुरुवात एका सोप्या गणिताने करू. चार माणसे बसलेली छोटी मोटार साधारण १२०० किलोची धरा. एका चाकावर ३०० किलो आले. पंपावर आपण 'बत्तीस पौंड हवा' मारायला सांगतो, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड. आपल्या मापात हे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतात. टायर आतल्या हवेच्या जोरावर भार पेलतो असे मानले, तर ३०० ला सव्वादोनने भागून येणारे क्षेत्रफळ जमिनीला टेकलेले असले पाहिजे. उत्तर येते सुमारे १३३ चौरस सेंटीमीटर. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार घेतात, म्हणून हा आकडा अगदी नेमका नाही, पण अंदाजाला पुरेसा आहे.

टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर. मोटारीचे एक चाक रस्त्याला जवळजवळ पोस्टकार्डाएवढ्याच जागेवर धरून असते. मोटारसायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून २५० किलो धरले, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे पोस्टकार्ड येते. गाडी वेग घेते, थांबते, वळते, ते सगळे बळ ह्या एवढ्याशा तुकड्यांतूनच रस्त्याकडून गाडीला मिळते. वर्गात जुने पोस्टकार्ड जमिनीवर ठेवून हे सांगून पाहा. मुले गप्प होतात.

आता ह्याच टायरमध्ये ३२ ऐवजी २४ पौंड हवा असेल तर? तेच गणित पुन्हा केले की क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस सेंटीमीटर येते. टायर जास्त पसरला, जास्त चेपला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा प्रत्येक भाग एकदा चेपतो आणि पुन्हा सुटतो. चाकाचा परीघ दोन मीटरच्या जवळपास असतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला हे सेकंदाला अकरा-बारा वेळा घडते आणि ताशी १२० ला सतरा वेळा. रबर चेपताना जी ऊर्जा घेते ती सुटताना सगळी परत देत नाही. उरलेली उष्णता होते. हवा जितकी कमी तितके चेपणे जास्त, आणि टायर तितका जास्त तापतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने धावणाऱ्या गाडीच्या टायरला निवायला सवड मिळत नाही. रबराचे थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटतो, म्हणून हवा थोडी कमीच ठेवावी, असे सांगणारे पुष्कळजण भेटतात. हा सल्ला नेमका उलटा आहे.

त्याचेही गणित करून पाहण्याजोगे आहे. सकाळी २५ अंश सेल्सियसला ३२ पौंड हवा भरली. दुपारी धावून टायरमधली हवा ५५ अंशांपर्यंत तापली. मापकावर दिसतो तो वातावरणाच्या दाबाहून जास्तीचा दाब, म्हणून आधी त्यात वातावरणाचे १४.७ पौंड मिळवायचे. निरपेक्ष दाब ४६.७ झाला. तापमान २९८ केल्विनवरून ३२८ वर गेले. आकारमान तेच राहिले असे धरले तर दाब ५१.४ होतो. त्यातून १४.७ वजा केले की मापकावर जवळजवळ ३७ दिसणार. हा वाढलेला आकडा टायर बनवणाऱ्यांनी हिशोबात धरलेलाच असतो. पण तो पाहून घाबरलेल्या चालकाने पाच पौंड हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २८ पौंडसुद्धा भरत नाहीत. मापक बरोबर होता. त्याच्या आकड्याचा अर्थ चुकला. (तापमान सेल्सियसमध्येच ठेवून गुणोत्तर काढणारा विद्यार्थी दाब दुपटीहून जास्त झाल्याचे सांगेल. निरपेक्ष तापमान कशाला, ह्याला याहून चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.)

चाकाचे ठोके मोजणे

मोटारीजवळ मोजण्याचे साधन कोणते असते? ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून असलेली ए. बी. एस. ही यंत्रणा आता आपल्या परिचयाची आहे. आपल्याकडे १२५ सी. सी. पेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या मॉडेलच्या दुचाकींना १ एप्रिल २०१८ पासून आणि त्या वर्गातल्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. ह्या यंत्रणेला प्रत्येक चाक किती वेगाने फिरते ते सतत कळावे लागते. त्यासाठी चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी कडी असते आणि तिच्याजवळ चुंबकाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाबाचा एक ठोका उमटतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या धड्यातले तत्त्व इथे जसेच्या तसे वापरलेले आहे. नव्या गाड्यांत वेटोळ्याऐवजी अर्धवाहकाचा संवेदक असतो, कारण वेटोळ्याचा ठोका चाक सावकाश फिरताना फारच क्षीण होतो. कडीला ४८ दाते धरले तर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ५५० ठोके मिळतात.

चार चाके आणि ठोक्यांच्या चार माळा, एवढीच मुख्य सामग्री. आता एका टायरची हवा कमी झाली तर ह्या ठोक्यांत काय बदलेल?

हा प्रयोग सायकलवर करता येतो. पटांगणावर सरळ रेषा आखा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली असताना रेषेवर खूण करा, सायकलवर एका मुलाला बसवून दुसऱ्याने ती सावकाश ढकलावी. चाकाचे दहा फेरे झाले की पुन्हा खूण करा आणि अंतर मोजा. मोठ्या सायकलला ते बावीस मीटरच्या आसपास येईल. मग पुढच्या चाकातली थोडी हवा काढून तेच पुन्हा करा (पार काढू नका, ट्यूब कापली जाईल). दहा फेऱ्यांत आता कमी अंतर तोडले जाते. ह्या अंतरावरून काढलेल्या त्रिज्येला आपण चाकाची 'चालती त्रिज्या' म्हणू. ती एक मिलीमीटरने कमी झाली तर दहा फेऱ्यांत सव्वासहा सेंटीमीटरांचा फरक पडतो आणि साध्या टेपने तो दिसतो.

आम्ही हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा उत्तर उलटे आले. हवा काढल्यावर सायकल जास्त दूर गेली! मुलांनी लगेच सिद्धान्त मांडायला सुरुवात केली. कारण साधे होते. पहिल्या खेपेला हॅण्डल डगमगत होते आणि सायकल नागमोडी गेली होती. दुसऱ्या खेपेपर्यंत हात बसला होता. नागमोडी वाटेची लांबी मोजण्याऐवजी आम्ही सरळ अंतर मोजले. हा घोटाळा लक्षात ठेवा, कारण मोटारीलाही तो सोडवावा लागतो.

मोटारीच्या टायरची गोष्ट सायकलहून थोडी अवघड आहे. रेडियल टायरच्या धावेखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. हा पट्टा ताणत नाही की आखडत नाही. हवा कमी झाली की टायर खाली बसतो आणि आसाची उंची चांगलीच उतरते. तरी पट्ट्याची लांबी तीच राहते, आणि रणगाड्याच्या साखळीसारखा तो रस्त्यावर अंथरला जात राहतो. म्हणून आस जितका खाली उतरतो त्या मानाने चालती त्रिज्या फार थोडी कमी होते. समजा ३०० मिलीमीटरमध्ये एकच मिलीमीटर कमी झाला. सेकंदाच्या ५५० ठोक्यांत जेमतेम दोन ठोक्यांचा फरक पडला.

दोन ठोके ओळखणे अवघड नाही, मिनिटाला ते शंभराच्या वर जातात. अवघड आहे ते हे ठोके कशामुळे आले हे ठरवणे. मोटार डावीकडे वळली की उजवी चाके मोठ्या वर्तुळावर फिरतात आणि त्यांचे ठोके वाढतात. ही वाढ हवेमुळे होणाऱ्या वाढीपेक्षा कितीतरी मोठी असते. सायकलच्या नागमोडी वाटेचाच हा प्रकार आहे.

त्यावरची युक्ती सुरेख आहे. समोरासमोरची चाके न पाहता तिरप्या जोड्या पाहायच्या: पुढचे डावे आणि मागचे उजवे ही एक जोडी, पुढचे उजवे आणि मागचे डावे ही दुसरी. डाव्या चाकांचे ठोके १०० आणि वळणामुळे उजव्यांचे १०१ झाले असे धरा. पहिल्या जोडीची बेरीज २०१, दुसरीचीही २०१. वळणाचा परिणाम निघून गेला. आता पुढच्या उजव्या टायरची हवा कमी होऊन त्याचे ठोके १०१.४ झाले. एका जोडीची बेरीज २०१ च राहते, दुसरीची २०१.४ होते. तफावत बराच वेळ टिकली की चालकासमोर पिवळा दिवा लागतो. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सहज करता येईल. आकडे त्यांनाच निवडू द्या, आणि मग विचारा: ही युक्ती कधी फसेल?

पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखीच कमी झाली तर दोन्ही बेरजा सारख्याच वाढतात आणि तफावत शून्य राहते. मग पुढची चाके आणि मागची चाके ह्यांचीही तुलना करावी लागते. चारही टायरची हवा सारखी उतरली तर तुलनेला काही उरतच नाही. आणि महिनोन्‌महिने हवा न तपासलेल्या गाडीत अगदी हेच घडत असते. टायर हळूहळू, सगळे मिळून उतरतात. तुलनेवर उभी असलेली पद्धत इथे आंधळी होते.

अशा गाड्यांत एक कळही असते. हवा भरल्यावर ती दाबायची, म्हणजे 'आत्ताची स्थिती योग्य आहे' असे गाडी शिकते. उतरलेल्या टायरवर ही कळ दाबली तर गाडी चूकच बरोबर म्हणून शिकेल. दिवा त्रास देतो म्हणून पंपावर न जाता कळ दाबून मोकळे होणारे चालक असतातच.

रस्ताच ठोका मारतो

ह्या आंधळेपणावर अभियंत्यांनी शोधलेला तोडगा आपल्याला पुन्हा त्या क्लीनरजवळ नेतो. टायरचा पोलादी पट्टा आणि चाकाची रिम ह्यांच्यामध्ये रबराची भिंत आणि दाबलेली हवा असते. ही एक स्प्रिंगच झाली. पट्ट्याला झटका बसला की तो रिमच्या मानाने किंचित मागेपुढे पिळवटतो आणि कंप पावतो. मोटारीच्या टायरमध्ये ही कंपने सेकंदाला साधारण चाळीस ते पन्नास असतात. हवा कमी झाली की स्प्रिंग मऊ होते आणि कंपनांची वारंवारता उतरते, तंबोऱ्याची तार सैल केली की स्वर उतरतो तशी.

झटका देण्याचे काम रस्त्यावरची खडी, सांधे आणि खड्डे करतात. (आपल्या रस्त्यांचा असाही एक उपयोग आहे म्हणायचा.) पट्टा पिळवटला की चाकाच्या फिरण्यात सूक्ष्म हिसका येतो आणि दोन ठोक्यांमधला वेळ किंचित कमीजास्त होतो. ठोक्यांच्या लांबलचक माळेतून ही थरथर वेगळी काढायची. कोणताही गुंतागुंतीचा कंप साध्या कंपांची बेरीज म्हणून मांडता येतो, हे फ्रेंच गणिती फूरिये ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले. तेच गणित इथे गाडीतला छोटा संगणक करतो. दातेरी कडीचे सगळे दाते अगदी सारखे कापलेले नसतात, त्यामुळे दर फेऱ्याला तीच ती चूक येते. ती संगणक आधी ओळखून वजा करतो. मग उरलेल्या थरथरीत कोणता स्वर मोठा आहे ते पाहायचे. हा ठोका प्रत्येक चाकाचा स्वतंत्र असतो, शेजारच्या चाकाशी तुलना करावी लागत नाही. म्हणून चारही टायर एकदम उतरले तरी पकडता येतात.

ब्रशाचे केस आणि ओला रस्ता

इथपर्यंत हवेचे झाले. पण चालकाच्या जिवाशी ज्याची गाठ आहे तो प्रश्न वेगळाच आहे: ह्या क्षणी टायरची रस्त्यावर पकड किती आहे? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घर्षणांक ०.८ असताना सुमारे १८ मीटरमध्ये थांबू शकते, घर्षणांक ०.४ झाला की त्याच गाडीला ३५ मीटर लागतात (वेगाचा वर्ग भागिले दोनदा घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण, हे सूत्र वापरून पाहा). जूनमधल्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्यात मिसळतात, तेव्हा कालचा रस्ता आज तोच उरत नाही. पाळी सुटल्यावर त्याच रस्त्यावर दुचाकींची गर्दी उसळते.

कपडे धुण्याचा ब्रश घ्या आणि केस खाली करून टेबलावर ठेवा. वरून दाबून किंचित पुढे सरकवा. ब्रश पुढे गेला, पण केसांची टोके जागची हलली नाहीत. केस नुसते वाकले. जितके वाकले तितके बळ आपल्या हाताला जाणवते. आणखी ढकला: काही केस सुटतात, बाकीचे धरून असतात. आणखी ढकलले की सगळेच सुटतात आणि ब्रश घसरतो. टायरचे रबर असेच वागते. बळ द्यायचे तर रबराला वाकावे लागते, आणि त्यामुळे ब्रेक लावल्यावर चाक गाडीच्या वेगाच्या मानाने किंचित हळू फिरते. ह्या फरकाला आपण 'घसर' म्हणू. हलका ब्रेक लावला तर घसर एक टक्क्याच्या आत असते. सर्वांत जास्त पकड सहसा दहा ते वीस टक्के घसरीच्या दरम्यान मिळते, आणि त्यापुढे चाक अडकून घसरू लागते. ए. बी. एस. हे शिखर ओलांडू देत नाही.

आता ब्रशाखाली एकदा कोरडा पाट ठेवा आणि एकदा साबण लावलेला. केस नुसते वाकत असताना दोन्हींमध्ये हाताला फारसा फरक कळत नाही. फरक कळतो तो केस सुटायला लागल्यावर. ह्या सगळ्या विषयाची मेख आमच्या मते इथे आहे. बेताने गाडी चालवणाऱ्याचे टायर फक्त वाकत असतात. रस्ता किती निसरडा आहे हे त्यांना समजायला जागाच नसते. मर्यादा कळायची तर मर्यादेच्या जवळ जावे लागते, आणि तिथे जाऊ नये म्हणून तर ती कळायला हवी!

स्वीडनमधले फ्रेड्रिक गुस्ताफसन ह्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सुचवले की अगदी थोड्या घसरीतही बळ आणि घसर ह्यांच्या आलेखाचा चढ निरनिराळ्या रस्त्यांवर वेगवेगळा येतो आणि त्यावरून निसरडा रस्ता ओळखता येतो. ब्रशाच्या साध्या प्रतिमानात हे बसत नाही, म्हणून त्यावर पुष्कळ चर्चा झाली. शिवाय हा चढ टायरच्या झिजेने, तापमानाने आणि हवेच्या दाबानेही बदलतो. म्हणजे एकच निरीक्षण आणि त्याची चार संभाव्य कारणे. तापलेल्या मुलाला पाहून मलेरिया की टायफॉइड हे जसे नुसत्या थर्मामीटरवर ठरत नाही, तसेच हे.

अशा वेळी अनेक साक्षी एकत्र कराव्या लागतात. मोटारीत चाकांच्या ठोक्यांखेरीज त्वरण मोजणारा, गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते ते मोजणारा आणि स्टिअरिंग किती फिरवले ते सांगणारा संवेदक असतो. स्टिअरिंग इतके फिरवल्यावर गाडी किती वळायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती वळली, ह्यांतल्या फरकावरून टायरच्या आडव्या पकडीचा अंदाज येतो. हे सगळे जुळवण्याची एक पद्धत रुडॉल्फ काल्मन ह्यांनी १९६० मध्ये मांडली. ती शिक्षकांना नवी वाटू नये. वर्षभर चांगला अभ्यास करणाऱ्या मुलीला एका चाचणीत कमी गुण पडले, तर आपण तिच्याविषयीचे मत थोडेच बदलतो. मत कच्चे असेल तर जास्त बदलतो, चाचणीच गोंधळात झाली असेल तर जवळजवळ बदलतच नाही. आधीचा अंदाज किती पक्का आणि नवे मोजमाप किती विश्वासाचे, ह्या प्रमाणात दोन्हींची सांगड घालायची. काल्मन ह्यांनी हे प्रमाण नेमके कसे काढायचे ते सांगितले, आणि गाडीतला संगणक ते काम सेकंदाला अनेकदा करतो.

मोटारसायकलला आणखी एक अडचण आहे. वळणावर ती कलते. तिचा टायर गोल पाठीचा असतो, आणि कलल्यावर तो मध्यावर न टेकता कडेला टेकतो. तिथे परीघ लहान असतो. टायरच्या पाठीची गोलाई ६० मिलीमीटर त्रिज्येची आणि कल ४० अंशांचा धरला, तर चालती त्रिज्या १४ मिलीमीटरने कमी होते. तीनशेत चौदा म्हणजे जवळजवळ पाच टक्के! हवेच्या फरकाने होणाऱ्या बदलाच्या चौदापट. गाडी किती कलली आहे हे माहीत नसेल तर ह्या ठोक्यांवरून वेगसुद्धा बरोबर निघत नाही. म्हणूनच चाकणला बनणाऱ्या काही मोटारसायकलींमध्ये कल मोजणारे संवेदक ए. बी. एस. ला जोडलेले असतात.

ज्याला ठोके कळत नाहीत

टायरच्या आतच दाबमापक बसवावा हा सरळ मार्गही आहेच. व्हॉल्व्हला जोडलेला छोटा संवेदक रेडिओलहरींनी आकडा कळवतो. अमेरिकेत २००० साली टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे लाखो टायर परत मागवावे लागले. त्यानंतर तिथे मोटारींना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलून, अशी यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी मोटारींना जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली. आतला संवेदक महाग असतो, त्याची बॅटरी संपते, आणि टायर काढताना तो मोडूही शकतो. दाब मात्र तो खरोखरच मोजतो. पकडीविषयी त्याला काही सांगता येत नाही.

आता पुन्हा चाकणच्या त्या ट्रककडे जाऊ. त्याच्या मागच्या जोडचाकांना चाकाच्या ठोक्यांची पद्धत लावली तर काय होईल? जोडीतली दोन्ही चाके एकाच हबवर घट्ट बसवलेली असतात. आतल्या टायरची हवा पूर्ण गेली तरी तो शेजाऱ्याबरोबर तितक्याच फेऱ्या मारणार. दोघांची दातेरी कडी एकच, ठोक्यांची माळही एकच. जोडीतला कोणता टायर उतरला हे त्या माळेतून वेगळे काढता येत नाही. तोवर बाहेरचा टायर दोघांचा भार ओढत असतो आणि तापत असतो. प्रत्येक टायरच्या आत संवेदक बसवला तर हे कळेल, आणि काही वाहतूकदार तसे करूही लागले आहेत. ज्यांनी ते केलेले नाही, त्यांच्या गाडीचा क्लीनर अजून पहाटे टॉमी घेऊन खाली उतरतो, आणि मागे गेल्यावर बाहेरच्या टायरला एक ठोका मारून झाला की वाकून आतल्यालाही दुसरा मारतो.